अंगणातला जीर्णोद्धार

माझ्या मामांची जावा मोटारसायकल सांगलीजवळच्या त्यांच्या घरी, गोठ्यालगतच्या पडवीत, १९ वर्षे उभी होती. तिच्या हँडलला कडब्याचे दोर अडकवलेले असत, टाकीवर कोंबड्या बसत, आणि टायरांतील हवा केव्हाच गेलेली असल्यामुळे ती जमिनीत किंचित रुतल्यासारखी दिसे. मामांच्या पश्चात मामींनी ती मला दिली, तेव्हा “भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही, तू घेऊन जा,” एवढेच त्या म्हणाल्या. दोन हिवाळे खर्चून, भाड्याच्या घराच्या अंगणात, तुटपुंज्या पगारातून उरणाऱ्या पैशांत मी ती गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. त्या दोन हिवाळ्यांत जे शिकलो, त्याचा व्यवस्थित आलेख या प्रकरणात मांडावयाचा आहे.

काटकसर या शब्दाचा अर्थ या कामात फार लवकर स्पष्ट होतो. जिथे आपला हात पुरतो तिथे पैसा ओतू नये आणि जिथे हात पुरत नाही तिथे पैसा राखू नये, इतकाच तो अर्थ आहे. आणि बहुतेक जुन्या गाड्यांचे जीर्णोद्धार फसतात ते पैशाच्या अभावाने फसत नसून, घासण्यासारखे हाताचे काम दुसऱ्याला पैसे देऊन उरकून घेण्याने आणि ब्रेकसारख्या जीवनमरणाच्या कामात मात्र चालढकल करण्याने फसतात. चकचकीत रंग हा या साऱ्या व्यापारातील शेवटचा, आणि खरे पाहता सर्वांत लहान, भाग आहे.

ज्या यंत्राविषयी आपण बोलतो आहोत त्याचे कूळ प्रथम जाणून घ्यावे. फ्रांतिशेक यानेचेक या चेक उद्योजकाने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि स्वतःच्या व त्या कंपनीच्या नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. भारतात म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी या गाड्या परवान्याने बांधावयास घेतल्या. पुढे त्याच कारखान्यातून ‘येझदी’ या नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. सुमारे २५० घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, पूर्ण झाकलेली साखळी, आणि किक मारण्याच्या व गिअर बदलण्याच्या दोन्ही कामांना येणारा एकच दांडा ही तिची लक्षणे. यंत्ररचना साधी असल्यामुळे, घरी बसून शिकू इच्छिणाऱ्या माणसाला याहून चांगला गुरू मिळणे कठीण.

दप्तर आधी, पाना नंतर

गाडीला पाना लावण्यापूर्वी तिचे दप्तर तपासावे. नोंदणी पुस्तकातील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत, मालकी वारसाने आली असल्यास तिची रीतसर नोंद करून घ्यावी, आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असून नंतर ती ५ वर्षांच्या मुदतीने नूतन करावी लागते, हे ध्यानात ठेवून थकलेल्या कराचा हिशेब आधीच बेबाक करावा. ज्या गाडीच्या कागदांची रुजवात पटत नाही, तिच्यावर एक रुपयाही घालू नये. कारण कितीही सुंदर रंगवलेली अशी गाडी शेवटी पडवीतच उभी राहते.

रंगाच्या बाबतीतही कायद्याचे दोन शब्द आहेत. गाडीचा रंग हा नोंदणी दाखल्यातील तपशील आहे. तो बदलावयाचा तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील ५२व्या कलमाला अनुसरून परिवहन कार्यालयात तसा फेरफार नोंदवून घ्यावा लागतो. दुसरे असे, की तरुण मंडळी हौसेने ज्या लष्करी हिरव्या रंगाची निवड करतात, तो ऑलिव्ह हिरवा रंग केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२१व्या नियमाने संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे. शिवाय, चासी क्रमांक ज्या जागी ठोकलेला असतो ती जागा कधीही खरवडू नये आणि जाड रंगाखाली बुजवू नये. ती जागा चिकटपट्टीने झाकावी, आणि शेवटी तिच्यावर पातळसा हात द्यावा.

वहीतील तीन रकाने

एक शंभरपानी वही घ्यावी आणि तिच्यात तीन रकाने आखावेत : हाताचे काम, पैशाचे काम, आणि थांबू शकणारे काम. गाडी सोडवणे, धुणे, जुना रंग काढणे, गंज उतरवणे, लांबी (पुट्टी) भरून घासणे, अस्तर मारणे आणि अखेरच्या रेघा ओढणे ही कामे पहिल्या रकान्यात जातात. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर, टायर-ट्यूब आणि क्रोमचा मुलामा ही दुसऱ्या रकान्यात. तिसऱ्यात बिल्ले, आरसे, सीटचे नवे कव्हर अशा शोभेच्या वस्तू. त्या पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत फिरता फिरता, वर्षभरात केव्हातरी, बेताच्या भावात हाती लागतात. ज्याला घाई असते त्याला त्याच वस्तू दुप्पट दराने घ्याव्या लागतात. म्हणून थांबण्याची तयारी हेसुद्धा एक भांडवलच आहे.

या रकान्यांतून कामाचा क्रमही निघतो. पुष्कळ लोक गाडी सोडवतात, लगेच रंगवतात, आणि मग जोडू लागतात. तेव्हा कुठे भोके जुळत नाहीत, कुठे झाळकाम करावे लागते, आणि नवा रंग पहिल्याच आठवड्यात जळतो अथवा ओरखडतो. म्हणून इंजिन, चाके, ब्रेक आणि वायरिंग यांसह संपूर्ण गाडी बिनरंगी अवस्थेत एकदा जोडावी, चालवून पाहावी, आणि नंतर पुन्हा सोडवून रंगास घ्यावी. हे दुहेरी श्रम पहिल्या रकान्यातले असल्यामुळे त्यांना मोल पडत नाही.

सोडवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, वर चिठ्ठी लावून, ठेवावेत. अडलेल्या बोल्टाशी झटापट करू नये. रॉकेल व इंजिनाचे तेल यांचे मिश्रण त्यावर सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी हलक्या हातोडीने चहूकडून ठोकून मग पाना लावावा. बोल्ट तुटला तर लेथवाल्याकडे जावे लागते आणि काम आपोआप दुसऱ्या रकान्यात जाते.

गंज : लोहाची परतीची वाट

लोखंड हे निसर्गात लोखंड म्हणून क्वचितच सापडते. ते प्राणवायूशी संयोग पावलेल्या खनिजाच्या रूपात असते, आणि भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण त्याला त्या संयोगापासून तोडतो. पाणी आणि हवा एकत्र भेटताच ते आपल्या मूळ स्थितीकडे परतू लागते. या परतीलाच आपण गंज म्हणतो. कोकणातल्या जांभ्या दगडाला जी लाली असते तीही लोहाच्या अशाच संयुगांची. गंज मूळ धातूच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. म्हणून रंगाखाली सूक्ष्म ठिपक्याएवढा गंज राहिला तरी तो फुगत जाऊन वरच्या रंगाला फोड आणतो, आणि त्या फोडाच्या भेगेतून अधिक पाणी आत शिरते. समुद्राजवळच्या खारट हवेत ही क्रिया कितीतरी जलद होते. गंजावर रंग मारणे म्हणजे जखमेवर मलम न लावता नुसती पट्टी बांधण्यासारखे आहे.

पेट्रोलच्या टाकीतील गंज घरच्या घरी, अगदी थोड्या खर्चात, विजेच्या साहाय्याने काढता येतो. टाकीतील पेट्रोल काढून ती साबणाच्या पाण्याने अनेकदा धुवावी, वाफेचा वासही उरू देऊ नये. कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते, आणि याच कारणासाठी न धुतलेल्या टाकीला झाळ मारण्याचे धाडस कोणीही करू नये. मग १० लिटर पाण्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, या प्रमाणात द्रावण करून टाकी भरावी, आणि तोंडातून साध्या लोखंडाची एक सळई, रबराच्या बुचात बसवून, टाकीला कुठेही स्पर्श होणार नाही अशी आत सोडावी. १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक टाकीला आणि धन टोक सळईला जोडावे. जोडणी उलटी झाली तर सळईऐवजी टाकीच झिजेल, म्हणून ही खातरजमा दोनदा करावी. सळई स्टेनलेस पोलादाची नसावी, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. मीठही घालू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू सुटतो. या क्रियेत हायड्रोजन निघतो, यास्तव हे काम उघड्या जागेत करावे आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत. एकदोन दिवसांत तांबडा गंज काळा व भुसभुशीत होऊन सुटतो. टाकी धुऊन, उन्हात व हवेत पूर्ण वाळवून, लगेच आतून तेलमिश्रित पेट्रोल फिरवावे. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात मुळातच तेल असते, ही तिच्या टाकीला मिळालेली देणगीच म्हणावयाची.

बाहेरील पत्र्याचा गंज घासून, आणि जिथे खड्डे पडले आहेत तिथे फॉस्फोरिक आम्लयुक्त द्रावणाने काढावा. हे आम्ल गंजाचे लोहाच्या फॉस्फेटात रूपांतर करते आणि त्या पृष्ठावर अस्तर घट्ट धरते. जुना रंग मात्र कोरडा घासू नये. पूर्वी गंजरोधक अस्तरासाठी शेंदूर जवसाच्या तेलात खलून वापरत. मारुतीला फासतात तोच हा शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग होय, आणि जुन्या रंगांतही शिसे असण्याचा संभव असतो. पाण्याने भिजवून वॉटर पेपरने घासले म्हणजे ती विषारी धूळ उडत नाही.

पत्रा, लांबी आणि तळहात

जुन्या गाडीच्या टाकीवरून लहानसे चुंबक फिरवावे. ते जिथे सैल पडते तिथे पूर्वीच्या कोणीतरी पत्रा न ठोकता लांबीचा जाड थर भरलेला आहे असे समजावे. लांबी ही पत्र्याची उणीव झाकण्यासाठी नसून त्याचा किरकोळ खडबडीतपणा सपाट करण्यासाठी असते. पोचा शक्य तितका ठोकून वर आणावा आणि उरलेल्या खळग्यापुरतीच लांबी पातळ थरांनी भरावी.

आमच्या गल्लीत मोटारींना रंग देण्यात आयुष्य घालवलेले एक वृद्ध कारागीर राहत. मी टाकी घासून त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही, हातरुमाल पसरून त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, “डोळे मिटा आणि हात फिरवा. डोळा उजेडाला भुलतो, हात भुलत नाही.” मी डोळे मिटले, आणि जी टाकी मला आरशासारखी वाटत होती तिच्यावर तीन उंचवटे व एक दरी लागली. त्यांनीच मला शिकवले, की घासण्यापूर्वी पृष्ठभागावर काळ्या रंगाचा अतिशय विरळ फवारा द्यावा. लाकडी ठोकळ्याभोवती कागद गुंडाळून घासताना उंच जागेवरचा काळा रंग आधी जातो आणि खोलगट जागी तो शिल्लक राहून आपली चूक स्वतःच दाखवतो. ८० क्रमांकाच्या खरखरीत कागदापासून १२०, २२०, ३२० आणि अस्तरानंतर ४०० व ६०० असे चढत जावे. मधली पायरी गाळली तर खरखरीत कागदाचे ओरखडे रंग वाळताच वर उमटतात.

अस्तरापूर्वीची एक परीक्षा विनामूल्य आहे. स्वच्छ केलेल्या पत्र्यावर पाणी ओतावे. त्याचा अखंड पडदा पसरला तर पत्रा शुद्ध. थेंब होऊन पाणी फाटले तर तिथे तेलाचा अंश आहे. त्या जागी रंग धरत नाही, आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात.

रंग म्हणजे काय

रंगात मुख्यतः तीन घटक असतात : रंगद्रव्य, ते धरून ठेवणारा बंधक, आणि दोघांना पातळ करून नंतर उडून जाणारा द्रावक. लाल अस्तरातील रंगद्रव्य हे लोहाचेच ऑक्साइड, म्हणजे गेरूचे आणि गंजाचे सगोत्र. ते आधीच पूर्ण गंजलेले असल्यामुळे त्याला आणखी काही होण्याची भीती नसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीला रंग द्यायला कित्येक आठवडे लागत, कारण तेलाचे थर हळूहळू वाळत. १९२३ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीने ‘ड्यूको’ हे लॅकर बाजारात आणले. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून मिळणारे जे नायट्रोसेल्युलोज ती कंपनी स्फोटकांसाठी बनवीत असे, तेच यातील बंधक होते. द्रावक उडाला की लॅकर वाळले, त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले. आणि आपल्याकडे तो शब्द इतका रुजला की कपाटाला फवाऱ्याने रंग दिला तरी सुतार त्याला ड्यूकोच म्हणतो.

या दोन रंगांच्या स्वभावभेदातून एक नियम निघतो. तेलाच्या जातीचा रंग, म्हणजे एनॅमल, हवेतील प्राणवायूशी क्रिया होऊन वाळतो. लॅकर केवळ द्रावक उडून वाळते, आणि त्याचा द्रावक तीव्र असतो. म्हणून एनॅमलवर लॅकर मारले तर खालचा थर उचलला जाऊन सुरकुत्या पडतात. बाजारातील स्वस्त तांबडे अस्तर बहुधा एनॅमल जातीचे असते. लॅकरखाली ते न वापरता लॅकरचेच किंवा दोन भाग मिसळून करावयाचे इपॉक्सी अस्तर घ्यावे.

लॅकर घरी मारण्यास सोपे, चुकले तर घासून पुन्हा मारता येणारे, पण पेट्रोलपुढे दुबळे असते. आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचा थेंब टाकीवर सांडला तर त्याची झळाळी जाते. याला उपाय म्हणजे वरून पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, आणि त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो; तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मुखवटा त्यापुढे निरुपयोगी आहे. हे काम बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मुखवटा असलेल्या कारागिराकडेच द्यावे. वहीतील दुसरा रकाना अशाच कामांसाठी राखलेला असतो.

फवाऱ्याची सकाळ

माझा पहिला प्रयत्न भाद्रपदात झाला. रंग मारून झाला आणि दहा मिनिटांत गर्द मरून टाकीवर दुधाळ मळभ आले. कारण पुढे कळले : द्रावक उडताना पत्र्याची उष्णता घेऊन जातो, पत्रा थंड पडतो, आणि दमट हवेतील पाणी त्या ओल्या रंगावर दवासारखे साकळते. तेव्हापासून मी हे काम मार्गशीर्ष-पौषात करू लागलो. ऊन वर येऊन दव हटले आहे आणि वारा अजून सुटलेला नाही, अशी वेळ धरावी. अंगणात आधी सडा टाकावा, म्हणजे धूळ बसते. जवळपास चूल, समई अथवा विडी नसावी.

फवाऱ्याची गन पत्र्यापासून सुमारे १५ ते २० सेंटिमीटर दूर, सदैव समांतर, आणि मनगटाने न वळवता संपूर्ण हाताने चालवावी. प्रत्येक पट्टा मागच्या पट्ट्यावर निम्मा यावा. गन पत्र्याच्या कडेबाहेर सुरू करून पलीकडच्या कडेबाहेरच थांबवावी, म्हणजे टोकाशी ओघळ येत नाहीत. पहिला हात विरळ असावा. त्याखालून अस्तर दिसले तरी मोह आवरावा. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. साऱ्या थरांची मिळून जाडी माणसाच्या एखाद-दोन केसांएवढीच भरते, आणि पावसापासून लोखंडाला वाचवणारे कवच तेवढेच असते.

रेघ आणि आपली खूण

मूळ रंग राखून त्यावर आपली एखादी खूण उमटवावी, असे मला वाटले. मामांचा हळदीचा व्यापार होता, म्हणून हत्यारपेटीच्या झाकणावर मी एक लहान हळकुंड काढले : चिकट कागदावर आकृती कोरून, आधी पिवळा फवारा देऊन, तो वाळल्यावर फिकटावरून गडदाकडे असे रंग चढवले. चिकटपट्टी रंग पुरता कडक होण्याआधीच, स्वतःवर दुमडत, सावकाश काढावी, म्हणजे कडा फाटत नाहीत. टाकीवरील बारीक रेघ मात्र पट्टीविना, हाताने ओढली. लांब, मऊ केसांचा कुंचला रंगात पूर्ण भिजवून, करंगळी टाकीवर टेकवून, नजर कुंचल्याच्या टोकावर न ठेवता जिथे पोहोचावयाचे तिथे ठेवावी. चेन्नईला रॉयल एनफील्डच्या कारखान्यात टाकीवरील रेघा हाताने ओढण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली आहे. त्या कारागिरांची सफाई आपल्याला येणार नाही, परंतु जुन्या पत्र्याच्या पन्नास तुकड्यांवर सराव केल्यावर एक्कावन्नावी रेघ सरळ येते, हा माझा अनुभव आहे.

मूळ रंगाची अचूक छटा मला मिळाली ती टाकीच्या मागच्या कडेशी, सीटखाली ऊन न पोचलेल्या जागी. तिथे मी रुपयाएवढी जागा उतरत्या कडेने घासली होती, आणि झाडाच्या बुंध्यातील वलयांसारखी कडी उमटली होती : बाहेर निळा, त्याच्या आत काळा, त्याच्या आत कारखान्यातला मरून, मग अस्तर, आणि मधोमध पांढरा पत्रा. त्या मरूनवरून नवा रंग जुळवून घेतला. पण ती जागा मी रंगवली नाही. पारदर्शक थराखाली ती तशीच ठेवली.

गाडी घेऊन सांगलीला गेलो तेव्हा सीट उचलून ती जागा मामींना दाखवली. निळ्या कड्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “हा थोरलीच्या बारशाच्या वर्षीचा.” काळा केव्हाचा ते त्यांना आठवेना. मग त्यांनी आतल्या मरून कड्यावर बोट ठेवले, आणि ते तिथेच ठेवून म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा हा होता.”